पापड सादळले त्याची गोष्ट

(हंगामाच्या सणाच्या निमित्ताने पुण्यात झालेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मला पत्रात विषय दिला होता, ‘आदिवासी महिलांचे बचत गट आणि आपला हातभार’. विषय चांगला आहे, पण त्यावर गेली काही वर्षं आपण दर सणाला ऐकतो आहोत. म्हणून मी सेक्रेटरी साहेबांची परवानगी घेऊन तो थोडा अरुंद केला. आज मी फक्त एका पिशवीबद्दल बोलणार आहे. जव्हार तालुक्यातल्या आपल्या गटाचे नागलीचे पापड ज्या पिशवीत भरून येतात, ती पिशवी. तिच्यामुळे या वर्षी एक चूक झाली. ती माझ्या हातून झाली, म्हणून मीच सांगते.

तुम्हाला आठवत असेल, गेल्या सणाला बाहेर टेबलावर आपण पापड, हातसडीचे तांदूळ, नागलीचं पीठ आणि मध विकायला ठेवला होता. विक्री संपत आली तेव्हा तरुण संघातला एक मुलगा पुढे आला आणि त्याने विचारलं, “आपण जंगलात राहणाऱ्या लोकांसाठी देणगी देतो, आणि त्यांच्याच वस्तू प्लॅस्टिकमध्ये भरून विकतो. हे बरोबर आहे का?” आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. प्रश्न योग्यच होता आणि त्या मुलाचं मला अजूनही कौतुक आहे. घोटाळा मी दिलेल्या उत्तरात होता. मी तिथल्या तिथे सर्वांसमोर जाहीर केलं की जानेवारीपासून आपला एकही पापड प्लॅस्टिकमध्ये येणार नाही. पुन्हा टाळ्या झाल्या.

आता माझी नोकरी काय होती ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. मी एकतीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. बिस्किट मऊ का पडतं, पुड्यात हवा कुठून शिरते, सील कुठे सुटतं, हे बघण्याचाच मला पगार मिळत होता. दुसऱ्या कोणी हे जाहीर केलं असतं तर मी समजू शकले असते, की बिचाऱ्याला माहीत नसेल. मला माहीत होतं. पण टाळ्या वाजत असताना माणसाला आपलं शिक्षण आठवत नाही.

जानेवारीत आम्ही तपकिरी कागदाचे पाऊच मागवले. दिसायला सुंदर. त्यावर गटाच्या बायकांनी वारली चित्राचा शिक्का मारला. जानेवारी ते मे सगळं छान चाललं. हवा कोरडी होती, माल येताच संपत होता, आणि मी याच अंकात दोन परिच्छेद लिहून स्वतःची पाठ थोपटून घेतली. ज्यांनी तो अंक जपून ठेवला असेल त्यांनी कृपया तो रद्दीत घालावा.

पापड उन्हाळ्यात होतात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत लाटायचे, उन्हात वाळवायचे, आणि पावसाळ्यात विकायचे. यामागे कारण आहे. जूनमध्ये भाताची पेरणी, मग लावणी. जुना साठा संपलेला, नवं भात हाती यायला ऑक्टोबर उजाडणार, आणि मधल्या काळात घरात रोकड नसते. पापडाचे पैसे याच महिन्यांत लागतात. या वर्षी चौदा बायकांनी पावसाळ्यासाठी दोनशे ग्रॅमचे तीनशे वीस पाऊच भरून ठेवले होते.

जव्हारचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. तिथे दारावर टांगलेला टॉवेल आठवडाभर वाळत नाही. काडेपेटी पेटत नाही. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली तक्रार आली, ती याच मंडळीतून. पापड तळला तर फुलत नाही, चामड्यासारखा होतो. मग दुसरी, मग पाचवी. मी जव्हारला गेले आणि कोठीत ठेवलेले पाऊच उघडून पाहिले. वरचे सादळले होते. खालच्यांवर हिरवट बुरशी. पापडात मीठ आणि पापडखार असतो, तो हवेतलं पाणी ओढून घेतो. साधा कागद ते पाणी अडवत नाही. हे मी नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकले होते.

तीनशे वीसपैकी दोनशे दहा पाऊच फेकावे लागले. ऐंशी रुपयांनी हिशोब केला तर सोळा हजार आठशे रुपयांचा माल. त्यातली नागली, उडीद, तेल यांचा खर्च मिशनने भरून दिला. राहिली बायकांची मजुरी. पाऊचमागे तीस रुपये, म्हणजे सहा हजार तीनशे, म्हणजे माणशी साडेचारशे. पुण्यात साडेचारशे रुपयांत एक पिझ्झा येतो. पाड्यावर जुलै महिन्यात साडेचारशे रुपये म्हणजे काय, हे मी इथे रंगवून सांगणार नाही.

मी गटाच्या बैठकीत गेले. रागावलं कोणीच नाही, आणि त्याचंच मला जड गेलं. गटातल्या एक मावशी, ज्यांना अक्षरओळख बेताची पण हिशोब तोंडपाठ, त्या एवढंच म्हणाल्या, “ताई, पिशवी तुम्हाला नको होती. आम्हाला कोणी विचारलंच नाही.”

खरं होतं. चौदा जणींपैकी एकीलाही आम्ही विचारलं नव्हतं. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी हसून सांगितलं असतं की बाई, पावसाळ्यात कागद कसला, आम्ही काडेपेटीसुद्धा पिशवीत बांधून ठेवतो. मी मजुरीचे पैसे पाकिटात घालून नेले होते. त्यांनी ते घेतले, दोनदा मोजले आणि वहीत लिहून अंगठे घेतले. मला वाटलं होतं त्या नको म्हणतील. का म्हणतील? काम त्यांनी केलं होतं.

आता जरा पिशवीचं काम काय असतं ते सांगते. आपण तिच्याकडे कचरा म्हणून बघतो, कारण आपल्या हातात ती येते तेव्हा तिचं काम संपलेलं असतं. पण त्याआधी तिने चार गोष्टी बाहेर ठेवलेल्या असतात: दमटपणा, हवा, उजेड आणि किडे. प्रत्येक पदार्थाचा शत्रू वेगळा असतो. पापडाचा शत्रू दमटपणा. बाजरीच्या पिठाचा शत्रू हवा, म्हणून ते लवकर कडू होतं. तेलाला उजेड चालत नाही. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीची गंमत अशी की ती दमटपणा फार चांगला अडवते, पण हवा म्हणावी तशी अडवत नाही. म्हणून वेफर्सच्या पुड्यांना आतून चंदेरी थर असतो, दोन-तीन वेगवेगळे पदार्थ एकमेकांना चिकटवून ती पुडी केलेली असते. पापडाला एवढं काही लागत नाही, साधी पिशवी पुरते. आणि कागदाला यातलं काहीच फारसं अडवता येत नाही. तो फक्त धूळ अडवतो आणि चांगला दिसतो.

मग कागदाला दमटपणा अडवायला शिकवायचं तर काय करतात? त्याच्या आतून प्लॅस्टिकचा पातळ थर देतात. चहाचा कागदी कप भिजत नाही तो याच कारणाने. ऑगस्टमध्ये एका विक्रेत्याने मला असे पाऊच दाखवले. बाहेरून तपकिरी कागद, आतून प्लॅस्टिक. म्हणाला, “मॅडम, गिऱ्हाईकाला कळतसुद्धा नाही.” मी घरी आणून वजन केलं. आपल्या जुन्या प्लॅस्टिक पिशवीचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरलं. या पाऊचचं दहाच्या वर. म्हणजे जवळजवळ तिप्पट वस्तू वापरायची, त्यात प्लॅस्टिक आहेच, फक्त ते दिसत नाही.

आणि पुढचं ऐका. पुण्यात कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आहे. त्यामागची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून काम करते. तुमच्या-माझ्या दारातून कचरा नेणाऱ्या त्या बायकांना मी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी दोन्ही पिशव्या दाखवल्या. साधी पारदर्शक पिशवी एकीने हातात घेऊन लगेच सांगितलं, ही चालते, दुधाच्या पिशवीसारखी वजनावर जाते. कागद-प्लॅस्टिकचा पाऊच तिने परत दिला. कागदवाला घेत नाही, प्लॅस्टिकवालाही घेत नाही. चंदेरी वेफर्सच्या पुड्यांचंही तेच. एकच पदार्थ असला की तो वितळवून पुन्हा वापरता येतो, दोन चिकटवले की कोणालाच नको. म्हणजे जी पिशवी पाहून आपल्याला लाज वाटत होती तिला निदान भंगारात भाव होता, आणि जिच्यामुळे आपल्याला बरं वाटणार होतं ती सरळ कचरा डेपोत.

कोणी म्हणेल, ‘कंपोस्टेबल’ पिशव्या निघाल्या आहेत, मक्याच्या स्टार्चपासून किंवा उसाच्या साखरेपासून केलेल्या. मीही त्यांच्या मागे लागले होते. त्यातल्या पीएलए नावाच्या पदार्थाला कुजायला साधारण ५५ ते ६० अंश उष्णता सतत मिळावी लागते, म्हणजे मोठ्या खत कारखान्यातली. परसातल्या खड्ड्यात ती मिळत नाही. दोन वर्षांपूर्वी मी तसा एक कप माझ्या गच्चीवरच्या कुंडीत पुरला होता. परवा मोगरा काढताना सापडला. धुऊन ठेवला आहे, कोणाला बघायचा असेल तर दाखवीन.

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल की बाई प्लॅस्टिकची वकिली करायला आल्या आहेत. तसं नाही. पाड्यावर प्लॅस्टिकने काय झालं आहे ते मी दर महिन्याला बघते.

पाड्यावर घंटागाडी येत नाही. जे आत येतं ते आतच राहतं. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा दुकानात सुटा गूळ, सुटं मीठ, सुटं तेल मिळायचं. आता पाच रुपयांची खाऊची पुडी, एक रुपयाचा शाम्पू, दोन रुपयांचा मसाला दोरीला टांगलेला असतो. ओढ्याच्या कडेला, भाताच्या बांधावर, आंब्याच्या बुंध्याशी त्याच पुड्या. शेळ्या त्या चघळतात, कारण त्यांना मीठ लागलेलं असतं. आणि पावसाळ्यात, लाकूड ओलं असतं तेव्हा, चूल पेटवायला याच पुड्या वापरतात. बंद घरात तो धूर. मी एका सूनबाईला म्हटलं, अगं, हा धूर मुलांच्या छातीत जातो. ती म्हणाली, “मग ओल्या लाकडाला दुसरं काय लावू ते सांगा.” मला सांगता आलं नाही. पुढच्या खेपेला मी वाळक्या नारळाच्या शेंड्यांचं पोतं नेलं. तो काही उपाय नव्हे, पण रिकाम्या हातांनी उपदेश करणं मला जमेना.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी बंदीची अधिसूचना काढली. पहिल्यांदा सापडल्यास ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. मग १ जुलै २०२२ पासून केंद्राची बंदी देशभर लागू झाली: प्लॅस्टिकची ताटं, कप, चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या खोक्यावरचा पातळ कागद, थर्माकोलची सजावट. चांगलं झालं. पण पाड्यावरच्या ओढ्यात ज्या पुड्या पडलेल्या असतात त्या या यादीत नाहीत. त्या बनवणाऱ्यांनी तेवढं प्लॅस्टिक गोळा करून परत न्यावं असा नियम आहे. आमच्या ओढ्यापर्यंत अजून कोणी न्यायला आलेलं नाही.

तेव्हा हिशोब असा दिसतो. आपल्या गटाची पिशवी पाड्यावरून शहरात येते, तुमच्या घरी रिकामी होते आणि निदान भंगारात तरी जाऊ शकते. शहरातल्या कारखान्यांची पुडी पाड्यावर जाते आणि तिथे चुलीत जळते. आणि आपण सुधारायला निघालो ती चौदा बायकांची पिशवी.

या बायकांना वस्तू बांधून ठेवण्याची विद्या नाही असं मात्र कोणी समजू नये. बांबूच्या कणगीला शेणाने लिंपून त्यात भात वर्षभर राहतं. वाळवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात बी राखतात. मासळी सागाच्या पानात गुंडाळून बाजारात येते, पानगी पानातच भाजली जाते आणि पानातच वाढली जाते. पण ही सगळी विद्या जवळच्या अंतरासाठी आणि थोड्या वेळासाठी आहे. पापड जव्हारहून नाशिकमार्गे पुण्याला यायचा, दुकानात महिनाभर थांबायचा आणि तुमच्या फडताळात आणखी दोन महिने राहायचा, हे पानाला झेपत नाही. अंतर आपण वाढवलं, म्हणून पिशवी लागली. तुम्ही म्हणाल, आमच्या लहानपणी वाणी वर्तमानपत्राच्या पुडीत सगळं द्यायचा. द्यायचा. पण छपाईची शाई अन्नाला लागते म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई आहे, आणि ती योग्य आहे.

आता पत्रावळींबद्दल बोलायला हवं, कारण तो विषय या मंडळीचाच आहे.

२०१८ मध्ये थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली तेव्हा आपल्या प्रीतिभोजनासाठी आपण गटाकडे पळसाच्या पत्रावळी मागितल्या. बायकांना फार आनंद झाला. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो आणि त्यानंतर नवी पानं येतात. तीच टोचायला चांगली, जुनी पानं फाटतात. पळसाला पाने तीनच, हे आपण म्हण म्हणून बोलतो. त्यांना ते हिशोब म्हणून माहीत आहे: तीनातलं मधलं मोठं पान तळाला, बाजूची दोन कडेला. झाड ओरबाडायचं नाही, एका फांदीवरची थोडीच पानं घ्यायची, हेही त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

पहिल्या वर्षी पत्रावळींचं कौतुक झालं. दुसऱ्या वर्षी तक्रारी आल्या. रस्सा गळतो. काडी टोचते. तिसऱ्या वर्षी आपण बाजारातून मशीनवर दाबलेल्या गुळगुळीत पत्रावळी आणल्या, स्वस्तही पडल्या. त्यांच्यावर चंदेरी थर होता. तो प्लॅस्टिकचा असतो. आपण पानावर जेवतो आहोत असं समजून प्लॅस्टिकवरच जेवलो, आणि तिकडे बायकांची टोचलेली पानं वाळून गेली. त्या वर्षी पंच कमिटीत मीही होते, तेव्हा बोट दाखवते आहे ते माझ्याकडेही आहे.

आणि गंमत म्हणजे खरं उत्तर या हॉलच्या मागच्या कपाटात कुलूपबंद आहे. दोनशे स्टीलची ताटं. प्रत्येकावर कोणाच्या तरी आईवडिलांच्या स्मरणार्थ म्हणून नाव कोरलेलं. ती का वापरत नाही? कारण धुणार कोण? महिला मंडळाने तीस वर्षं धुतली. मग त्या थकल्या, आणि त्याच सुमारास थर्माकोल आलं. माझं ठाम मत आहे की आपल्याकडे एकदा वापरून फेकायची ताटं आली याचं अर्धं कारण बायकांची पाठदुखी आहे. स्टीलच्या ताटाला पाणी लागतं, मे महिन्यात टँकर मागवावा लागतो, हे सगळं खरं. पण डिसेंबरमध्ये पाणी असतं. या नाताळाच्या प्रीतिभोजनाला ताटं बाहेर काढावीत आणि धुण्याचं काम पंच कमिटीच्या पुरुष सभासदांनी घ्यावं, असा ठराव मी मांडणार आहे. पाळकसाहेब हसत आहेत, म्हणजे अनुमोदन आहे असं मी धरते.

तर ऑगस्टनंतर गटाने काय ठरवलं ते सांगते. ‘गटाने’ हा शब्द मुद्दाम वापरते. बांधणीबद्दलचा निर्णय गटाच्या बैठकीशिवाय होणार नाही, हे आता वहीत लिहिलेलं आहे.

पावसाळ्यातले पापड प्लॅस्टिकमध्येच येतील. जाड, पारदर्शक, एकाच पदार्थाची पिशवी, आणि आधीच्या दोन पिशव्यांऐवजी एकच. कोरड्या महिन्यांत, म्हणजे आता, पापड पिशवीत येणारच नाहीत. पंधरा किलोच्या तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत भरून येतील आणि इथे तुमच्या डब्यात मोजून दिले जातील. यात तोटा असा की काही पापड मोडतात. मोडलेले वेगळे काढून कमी किमतीत देऊ. चुरा भाजीवर घालून खाऊन बघा, पापडापेक्षा बरा लागतो.

नागलीच्या पिठाबद्दल बराच वाद झाला, आणि तो अजून मिटलेला नाही. माझी सूचना होती की पीठ बंद करून अख्खी नागली पाठवावी. हा दाणा इतका बारीक आणि कठीण की त्याला सहसा कीड लागत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. कापडी पिशवीत पाठवला तरी चालेल, प्लॅस्टिकची गरजच नाही. तुम्ही तुमच्या गिरणीतून दळून आणायचं. मला वाटलं काय सुंदर उत्तर सापडलं. तेव्हा त्याच मावशींनी विचारलं, “मग दळणाचे पैसे कोणाला?” गटाने कर्ज काढून गिरणी घेतली आहे. नागली विकली तर धान्याचा भाव मिळतो, पीठ विकलं तर दळण, चाळण, भरणं यांची मजुरी गावात राहते. मी सुचवलेल्या मार्गाने पिशवी वाचत होती आणि ती मजुरी पाड्यावरून निघून पुण्याच्या गिरणीवाल्याकडे जात होती. शेवटी असं ठरलं की वर्षभर दोन्ही पाठवायचं. अख्खी नागली कापडी पिशवीत, तिचा भाव शिलाईसकट थोडा चढा. पीठ पूर्वीसारखं, पण फक्त आगाऊ मागणी असेल तेवढंच दळायचं. म्हणजे ते पडून राहणार नाही. पडून राहून फुकट गेलेलं पीठ म्हणजे त्यामागची नांगरणी, लावणी, कापणी सगळंच फुकट, आणि ते नुकसान साडेतीन ग्रॅमच्या पिशवीपेक्षा कितीतरी मोठं. पाच भाकरी आणि दोन माशांच्या गोष्टीत उरलेले तुकडे बारा टोपल्यांत गोळा केले. संडे स्कूलमध्ये मी मुलांना विचारलं की यातून काय दिसतं, तर एक मुलगी म्हणाली, “तिथे टोपल्या होत्या, प्लॅस्टिक नव्हतं.” मला दुसरं उत्तर हवं होतं, पण तेही चूक म्हणता येईना.

मधाबद्दल थोडक्यात. काचेची बाटली चांगली, पण अर्ध्या किलो मधाला पाव किलोच्या आसपास काच वाहून आणावी लागते आणि एसटीच्या प्रवासात फुटते. रिकाम्या बाटल्या परत आल्या तरच काचेला अर्थ आहे. गेल्या वर्षी साठ बाटल्या गेल्या, परत आल्या अकरा. उरलेल्या एकोणपन्नास तुमच्या माळ्यावर आहेत, हे मला पक्कं माहीत आहे, कारण माझ्याही माळ्यावर तीन निघाल्या.

कापडी पिशव्यांचंही असंच. दर मेळाव्याला आपण नवी पिशवी छापून वाटतो. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये हिशोब मांडला होता. सुती पिशवी तयार करायला जे पाणी, खत, वीज लागते ते धरलं, तर नुसत्या हवामानावरच्या परिणामाच्या बाबतीत प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करायला ती ५२ वेळा वापरायला हवी, आणि सगळेच परिणाम धरले तर ७,१०० वेळा. त्या हिशोबात गटारात अडकलेली आणि गाईच्या पोटात गेलेली पिशवी धरलेली नाही, कारण तिकडे तसं फारसं होत नाही. २६ जुलै २००५ ला ज्यांनी मुंबईत कमरेएवढ्या पाण्यातून वाट काढली ते तो हिशोब जसाच्या तसा मान्य करणार नाहीत, आणि करूही नये. पण निदान एवढं करू की या वर्षी नवी पिशवी छापायला नको. घरात आहेत त्याच आणा. त्या पैशांतून पत्र्याचे डबे घेता येतील. सहा डब्यांची गरज आहे.

तेव्हा पुढच्या रविवारी उपासनेनंतर पापड आणि नागली मिळेल. घट्ट झाकणाचा डबा आणा. आणि मधाच्या बाटल्या, धुऊन, झाकणासकट. पिठाची मागणी माझ्याकडे किंवा महिला मंडळाच्या सेक्रेटरी ताईंकडे आजच लिहून द्या, म्हणजे बुधवारी दळण लागेल. पापड घरी नेल्यावर एकदा ऊन दाखवा, मग डब्यात भरा. आता ऊन चांगलं आहे.